खोळ, रेक्झिन आणि न दिसणारं अस्तर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नवी गाडी घेताना सह्या झाल्या, हार-नारळ झाला, पेढे वाटून झाले की शोरूममधला माणूस हळूच विचारतो, 'साहेब, सीटला प्रोटेक्शन करून घ्यायचं का?' सोफा घेताना हाच प्रश्न येतो, पडदे शिवायला टाकतानाही येतो. आपण किंमत विचारतो, किती वर्षं टिकेल ते विचारतो. नेमकं काय लावणार, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर मिळतं, 'कोटिंग असतं, कंपनीचं.'

आज या कोटिंगच्या मागे जाऊ या. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात स्कूटर, रिक्षा, टेम्पो, ट्रक, मोटार असं चाकावर चालणारं जवळजवळ सगळं बनत आलं आहे, आणि दापोडीला एसटीचं मध्यवर्ती कार्यशाळेचं आवार आहे. वाहन कोणतंही असो, त्यात बसायची जागा असतेच. त्यामुळे कापडाला डागापासून, पाण्यापासून आणि आगीपासून कसं वाचवायचं, हा प्रश्न इथल्या कारखान्यांपुढे रोजचाच. दिसायला किरकोळ वाटणाऱ्या या प्रश्नाचा एक धागा थेट कोकणात लोटे-परशुरामपर्यंत जातो. तिथं आपण शेवटी पोहोचू.

आपल्याकडचा सगळ्यात जुना आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात शहाणा उपाय म्हणजे खोळ. गादीला खोळ, लोडाला खोळ, तक्क्याला अभ्रा, पलंगावर पलंगपोस. मूळ वस्तू धुता येत नाही, म्हणून तिच्यावर धुता येईल असं काहीतरी घालायचं. विटली, फाटली की खोळ बदलायची, आतला कापूस पिंजून घ्यायचा, गादी पुन्हा नवी. सरकारी अँबेसेडरच्या सीटवरचा पांढरा टर्किश टॉवेल आठवा. अधिकाऱ्याच्या खुर्चीच्या पाठीवरही तोच असायचा, अजूनही असतो. त्याची थट्टा पुष्कळ झाली, पण तो खोळीचाच भाऊ होता. घाम आणि केसांचं तेल टॉवेलवर, टॉवेल धोब्याकडे. इंग्रजांच्या घरांतही एकोणिसाव्या शतकात हेच चाललं होतं. पुरुष केसांना मकासर तेल चोपडायचे आणि खुर्च्यांच्या पाठी तेलकट व्हायच्या, म्हणून तिथं लेसचा तुकडा टाकत. त्याचं नावच 'अँटिमकासर' पडलं. आपल्या मध्यमवर्गीय घरांत क्रोशाच्या विणकामाचे तुकडे सोफ्यावर, टीव्हीवर आणि अर्थातच रेडिओवर आले, ते याच घराण्यातले.

दुसरा जुना उपाय म्हणजे कापडच असं निवडायचं की पाणी आत शिरणारच नाही. घोंगडी हे त्याचं उत्तम उदाहरण. मेंढीच्या लोकरीत नैसर्गिक चरबीचा अंश असतो, ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते आणि वीण दाट असते. भर पावसात धनगर त्याच घोंगडीत उभा राहतो. लोकरीचा आणखी एक गुण शहरात फारसा लक्षात येत नाही: ती सहजी पेट घेत नाही. ठिणगी पडली तर तेवढ्यापुरती करपते. आज बाजारात ज्या तीन गोष्टींसाठी तीन वेगळे रासायनिक लेप विकतात, त्यातल्या दोन घोंगडीला मेंढीकडूनच मिळतात. कुसळासारखी टोचते, हा तिचा दोष आहेच. म्हणून ती मोटारीच्या सीटवर गेली नाही.

कापडावर काहीतरी थापून त्याला जलाभेद्य करण्याचा उद्योग युरोपात वाढला. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं नॅप्थ्यात विरघळवलेलं रबर दोन कापडांच्या मध्ये घालून रेनकोटाचं कापड केलं. मग मेणकापड आलं, तेलकापड आलं आणि त्यांच्या पाठोपाठ आलं रेक्झिन. हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो मराठीच वाटतो. 'कुशन वर्क्स' अशी पाटी लावलेल्या कोणत्याही दुकानात जा, रेक्झिनचे तागे उभे दिसतील. मुळात हे मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीचं व्यापारी नाव. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर द्यायचा आणि वर चामड्यासारखी नक्षी दाबायची, की झालं नकली चामडं. आगगाडीचे डबे, मोटारी, पुस्तकांच्या बांधण्या, सगळीकडे ते गेलं. पाण्यानं खराब होत नाही, ओल्या फडक्यानं पुसलं की स्वच्छ.

यात एक गोम होती. नायट्रोसेल्युलोज म्हणजे बंदुकीच्या दारूत वापरतात त्या गनकॉटनचं सख्खं भावंड. जुन्या सिनेमाच्या फिल्मही याच द्रव्याच्या असत आणि भडकन पेट घेत. जून १९४९ मध्ये स्कॉटलंडमध्ये पेनमॅनशील बोगद्याजवळ एडिंबरोहून लंडनला निघालेल्या गाडीच्या डब्यानं पेट घेतला आणि आग पाहता पाहता पसरली. चौकशीत बोट उठलं ते आतल्या भिंतींवर दिलेल्या नायट्रोसेल्युलोजच्या लेपाकडे. डागापासून वाचवणारा थर आगीला वाट करून देत होता. या विषयाच्या इतिहासात हे वारंवार घडलेलं दिसतं: एका शत्रूसाठी लावलेला लेप दुसऱ्याशी हातमिळवणी करतो.

पुढे नायट्रोसेल्युलोजची जागा पीव्हीसीनं घेतली, नाव रेक्झिनच राहिलं. पीव्हीसी मुळात कडक असतं. पाण्याचे पाइप आपण पाहतोच. ते मऊ करण्यासाठी त्यात तेलासारखं द्रव्य, प्लॅस्टिसायझर, कालवतात. मग तापलेल्या रुळांमधून त्याचा पातळ पापुद्रा काढतात आणि तो कापडावर चिकटवतात. या धंद्यात पुणे जिल्ह्याचं एक नाव कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसलं आहे: भोर इंडस्ट्रीज. भोर संस्थानाच्या काळात स्थापन झालेली ही कंपनी. रेक्झिन करताना मध्येच जो कच्चा पापुद्रा निघतो त्यावरही अबकारी कर द्या, असं सरकारी खात्याचं म्हणणं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जी वस्तू त्या अवस्थेत बाजारात विकलीच जात नाही, ती कराच्या दृष्टीनं 'माल' नव्हे, असा निकाल १९८९ साली लागला. अबकारीच्या वकिलांना हा निकाल तोंडपाठ असतो. तो रिक्षाच्या सीटच्या कापडाच्या पापुद्र्यावरून आला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

पीव्हीसी रेक्झिननं आपल्याकडे मोठं काम केलं, हे मान्य करायला हवं. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, एसटीची पहिली गाडी धावली. तेव्हापासून एसटीच्या सीटनं काय काय सोसलं असेल, कल्पना करा. ओल्या छत्र्या, कोंबड्यांच्या पाट्या, उलट्या, पानाच्या पिचकाऱ्या, शाळकरी पोरांचे ब्लेड. तिथं कापडी सीट एक पावसाळाही टिकली नसती. रिक्षाचंही तसंच. आकुर्डीतून बाहेर पडलेल्या लाखो रिक्षा उन्हापावसात उघड्याच उभ्या राहिल्या, आणि रिक्षावाल्यानं सकाळी फडकं मारलं की सीट तयार.

पण रेक्झिन तडकतं. का तडकतं? त्याला मऊ ठेवणारं तेल उन्हानं हळूहळू बाहेर पडतं. बंद मोटारीच्या काचेवर आतून जो धुरकट थर जमतो, 'नव्या गाडीचा वास' म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यात या द्रव्याचा वाटा असतो. तेल गेलं की पीव्हीसी पुन्हा मूळपदावर येतं, कडक होतं आणि भेगाळतं. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या रेक्झिनवर बसायचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्याला मी रेक्झिनचा दुसरा दोष सांगायला नको.

म्हणून नव्वदच्या दशकात मोटारींच्या सीटा हळूहळू रेक्झिनवरून कापडावर आल्या. पिंपरीत टेल्कोच्या कारखान्यात इंडिकाची तयारी चालली होती ते हे दिवस. १९९८ च्या अखेरीस ती गाडी लोकांपुढे आली. पुढच्या दहा-बारा वर्षांत चाकणचं रूपच पालटलं. १९९९ मध्ये बजाज, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, त्यानंतर महिंद्र. त्यांच्या मागोमाग सीट, फोम, कापड पुरवणारे कारखाने आले. मोटारीच्या सीटचं कापड हे नुसतं कापड नसतं. वर पॉलिस्टरचं विणलेलं कापड, त्याखाली फोमचा पातळ थर आणि खाली जाळी. फोमचा पृष्ठभाग ज्योतीवरून नेऊन किंचित वितळवतात आणि तो गरम असतानाच कापडावर दाबतात. डिंक लागत नाही.

कापड आलं तसे रेक्झिननं झाकून ठेवलेले तिन्ही प्रश्न पुन्हा वर आले. कापड डाग पितं, पाणी पितं आणि खालचा फोम पेटला तर काळा विषारी धूर सोडतो.

यांतला आगीचा प्रश्न तेवढा कायद्यानं हातात घेतला. अमेरिकेनं १९७२ पासून मोटारीच्या आतल्या सामानासाठी एक नियम लागू केला. डोळ्यांसमोर होती गाडीत पडणारी सिगारेट आणि काडी. आपल्याकडे त्याच धर्तीचं भारतीय मानक २००२ साली आलं. कापडाची पट्टी आडवी धरायची, टोकाला १५ सेकंद ज्योत लावायची आणि जळत जाण्याचा वेग मोजायचा. मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा जास्त वेगानं जळता कामा नये. पुण्यात १९६६ पासून काम करणाऱ्या 'एआरएआय' या संस्थेत अशा चाचण्या होतात. या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. मिनिटाला १०० मिलिमीटर म्हणजे अर्ध्या मीटरची सीट पाच मिनिटांत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जळली तरी ती परीक्षेत पास. आतल्या माणसाला उतरायला वेळ मिळावा, एवढाच या नियमाचा हेतू. दुकानात या प्रमाणपत्राच्या जोरावर कुणी 'फायरप्रूफ' म्हणून कव्हर विकत असेल, तर तो शब्द चुकीचा आहे. शिवाय, कंपनीतून आलेली सीट ही परीक्षा देऊन येते. आपण बाहेरून चढवलेलं कव्हर ती देऊन येतंच असं नाही.

आणि घर? भारतीय मानक ब्युरोनं पडद्यांसाठी आणि गादीच्या फर्निचरसाठी आगीची मानकं केली आहेत, पण ती घरगुती वापराखेरीजच्या ठिकाणांसाठी. थिएटर, हॉटेल, कचेऱ्या. दिवाणखान्यातल्या सोफ्याकडे कुणी ज्योत घेऊन जात नाही.

कापड आगीपासून वाचवण्याचे प्रयोग जुने आहेत. १७३५ साली इंग्लंडात ओबाडाया वाइल्ड नावाच्या माणसानं तुरटी, बोरॅक्स आणि हिराकस यांच्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. नाटकगृहांना वरचेवर आगी लागत, म्हणून फ्रान्सच्या राजानं गे-ल्युसॅक या नामांकित रसायनशास्त्रज्ञाला उपाय शोधायला सांगितलं. त्यानं १८२१ मध्ये अमोनियाचे क्षार आणि बोरॅक्स सुचवले. आपल्या गणपतीच्या मांडवाचं कापड अग्निरोधक करण्यासाठी भारतीय मानकात जे द्रावण दिलं आहे, त्यात अमोनियम सल्फेट, बोरॅक्स, बोरिक ॲसिड आणि तुरटी ही नावं सापडतात. दोनशे वर्षांत यादी फारशी बदललेली नाही! स्वस्त आहे, कामाचं आहे, दोष एकच: पहिल्या धुण्यात किंवा पहिल्या पावसात सगळं वाहून जातं. दहा दिवसांच्या मांडवाला ते चालतं, दहा वर्षांच्या सोफ्याला नाही.

म्हणून धुण्यात न जाणारी रसायनं शोधली गेली आणि इथून कथा काळवंडते. अमेरिकेत लहान मुलांच्या झोपायच्या कपड्यांना 'ट्रिस' नावाचं ब्रोमीनयुक्त रसायन लावलं जाई. १९७७ साली आर्लिन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी ते जनुकांना इजा करतं आणि मुलांच्या शरीरात जातं, असं दाखवलं. त्याच वर्षी त्यावर बंदी आली. (या आर्लिन ब्लम बाई गिर्यारोहकही. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली महिलांच्या तुकडीनं अन्नपूर्णा सर केलं. आपल्या गिरिप्रेमींना हे नाव ठाऊक असेल.) मग फोमसाठी आणि कापडाच्या पाठीवरच्या लेपासाठी ब्रोमीनची दुसरी संयुगं आली. ती फोममधून निसटून घरातल्या धुळीत आणि तिथून आईच्या दुधात पोहोचतात, हे कळायला पुन्हा वीस-पंचवीस वर्षं गेली. चिवट विषांबद्दलच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत ती २००९ पासून एकेक करून गेली. भारतानं २०१८ च्या नियमांनी अशा सात रसायनांवर बंदी घातली, त्यांत यांतली काही आहेत. पण ज्याच्याकडे आता वळायचं आहे ते रसायन त्या सातांत नव्हतं.

ते म्हणजे डागापासून वाचवणारं.

१९५३ ची गोष्ट. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात थ्री-एम कंपनीच्या प्रयोगशाळेत जेट विमानांच्या इंधनाच्या नळ्यांसाठी नव्या रबराचे प्रयोग चालले होते. एका मदतनीस मुलीच्या कॅनव्हासच्या बुटावर त्या द्रवाचे थेंब सांडले. पुसलं, धुतलं, साबण लावला, जाईनात. काही दिवसांनी दिसलं की बाकीचा बूट मळला, तेवढा भाग स्वच्छ. पॅट्सी शर्मन ही तरुण रसायनशास्त्रज्ञ आणि तिचा सहकारी सॅम स्मिथ यांनी हा धागा पकडला. १९५६ मध्ये 'स्कॉचगार्ड' बाजारात आलं. त्या काळी कापड गिरणीत बायकांना प्रवेश नव्हता. स्वतःच्या शोधाची चाचणी आत चालू असताना शर्मनबाईंना बाहेर थांबून निकालाची वाट पाहावी लागे.

हे द्रव्य करतं काय? पाणी स्वतःला धरून राहतं, म्हणून त्याचा थेंब होतो. मेण लावलेल्या कापडावर पाणी पसरत नाही, पण तेल पसरतं. सिलिकॉनचंही तेच. फ्लोरिन जडवलेल्या कार्बनच्या साखळ्या मात्र पाणी आणि तेल दोघांनाही थारा देत नाहीत. भाजीचा रस्सा, चहा, केसांचं तेल, सगळं थेंब होऊन घरंगळतं. गिरणीत कापड या द्रावणात बुडवून रुळांमध्ये पिळतात, वाळवतात आणि दीडशे-एकशेसत्तर अंश उष्णता देऊन पक्कं करतात. शोरूमच्या आवारात पिचकारीनं मारलेल्या लेपाला ही भट्टी मिळत नाही. म्हणून तो लवकर झिजतो, आणि झिजलेला लेप धुळीत आणि धुण्याच्या पाण्यात जातो.

कार्बन आणि फ्लोरिनची गाठ इतकी पक्की असते की निसर्गातले जंतू ती सोडवू शकत नाहीत. डागाला हरवणारा गुण तोच, आणि दोषही तोच. १९९० च्या दशकाच्या अखेरीस थ्री-एमच्या शास्त्रज्ञांनी रक्तपेढ्यांमधले नमुने तपासले. कारखान्याशी काडीचा संबंध नसलेल्या सामान्य माणसांच्या रक्तात स्कॉचगार्डमागचं रसायन निघालं. तुलनेसाठी निर्मळ रक्त हवं होतं, ते मिळेना. शेवटी ते मिळालं कोरियन युद्धाच्या काळात साठवून ठेवलेल्या, म्हणजे स्कॉचगार्ड जन्मण्याआधीच्या, सैनिकांच्या रक्तात. मे २००० मध्ये कंपनीनं ते रसायन बंद करत असल्याचं जाहीर केलं. २००९ मध्ये ते स्टॉकहोमच्या यादीत गेलं. त्याच्या जवळच्या एका भावंडाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२३ च्या अखेरीस माणसाला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकलं. उद्योगानं लांब साखळी सोडून आखूड साखळीची संयुगं धरली. ती शरीरातून तुलनेनं लवकर बाहेर पडतात, पण पाण्यात तितकीच चिवट. आता युरोप त्यांच्याही मागे लागला आहे. खुद्द थ्री-एमच्या मिनेसोटा राज्यानं १ जानेवारी २०२५ पासून गालिचे, गादीचं फर्निचर आणि कापडावर मारायचे लेप यांत ही सगळीच रसायनं घालायला बंदी केली. कायद्याला नाव आहे अमारा स्ट्रँड हिचं. ती थ्री-एमच्या कारखान्याजवळच्या भागात वाढली, यकृताच्या दुर्मीळ कर्करोगानं आजारी पडली आणि कायद्यासाठी साक्षी देत २०२३ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी गेली.

आता लोटे-परशुराम.

उत्तर इटलीत व्हिचेंझा जिल्ह्यात त्रिस्सिनो नावाचं गाव आहे. मार्झोत्तो हे तिथलं नावाजलेलं लोकरीच्या कापडाचं घराणं. साठच्या दशकात त्यांनी संशोधनासाठी एक कारखाना काढला. त्यात कापडाला पाणी-डाग न धरू देणारी हीच फ्लोरिनची रसायनं बनू लागली. पुढे मालक बदलले, नाव 'मितेनी' झालं. २०१३ मध्ये उघड झालं की कारखान्यातून झिरपलेली रसायनं भूजलात उतरली आहेत. तीन जिल्ह्यांतल्या साडेतीन लाखांच्या आसपास लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. मुलांच्या रक्ताचे अहवाल हातात घेऊन आया रस्त्यावर आल्या. २०१८ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. जून २०२५ मध्ये व्हिचेंझाच्या न्यायालयानं कंपनीशी संबंधित ११ वरिष्ठांना दोषी ठरवून कमाल १७ वर्षांपर्यंतच्या शिक्षा सुनावल्या.

त्या कारखान्याची यंत्रसामग्री मात्र २०१९ मध्येच विकली गेली होती. ती घेतली मुंबईच्या लक्ष्मी ऑरगॅनिक या कंपनीच्या उपकंपनीनं, आणि ती जहाजानं येऊन उभी राहिली रत्नागिरी जिल्ह्यात लोटे औद्योगिक वसाहतीत. व्यवहार उघड झाला, कायदेशीर झाला, समभाग विक्रीच्या कागदपत्रांतही त्याची माहिती होती. लोट्यात काही अघटित घडलं आहे, असं मी म्हणत नाही. यंत्र वाईट नसतं, ते कसं चालवलं जातं आणि सांडपाण्याचं काय होतं, यावर सगळं असतं. पण लोट्याच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी हा कारखाना येण्याच्या कितीतरी आधीपासूनच्या आहेत. अशा ठिकाणी ही रसायनं येतात, तेव्हा कोरियन युद्धातल्या त्या सैनिकांच्या रक्ताची आठवण ठेवावी. परिसरातल्या विहिरी, खाडी आणि मासे यांची या द्रव्यांसाठी तपासणी व्हावी. झाली असेल तर आकडे जाहीर व्हावेत. नाहीतर उद्या काही आढळलं तर 'हे आधीपासूनच होतं' म्हणायला सगळे मोकळे. इटलीत कारखाना सुरू झाल्यापासून प्रदूषण उघड होईपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं गेली.

मग चाकणच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसानं काय करावं? डब्यावरचं नाव वाचायला मागावं. फ्लोरिन नाही असं स्पष्ट लिहिलेले, मेण किंवा सिलिकॉनवर आधारलेले लेप आता मिळतात. त्यांनी पाणी थांबतं, तेल नाही. ओळखायची सोपी खूण अशी: लेप दिलेल्या तुकड्यावर एक थेंब पाण्याचा आणि एक गोडेतेलाचा टाका. पाण्याचा थेंब उभा राहिला आणि तेल शोषलं गेलं, तर मेण-सिलिकॉन. दोन्ही थेंब उभे राहिले, तर फ्लोरिन समजायला हरकत नाही. मेण आगीला मदत करतं हेही लक्षात असू द्या. पडदा देवघराजवळचा किंवा स्वयंपाकघरातला असेल तर त्यावर पाणी झटकणारं काहीच मारू नये, सरळ धुण्याजोगा सुती पडदा लावावा आणि तो समईपासून दूर बांधावा. दवाखान्यातल्या बाकाला आणि शाळेच्या बसला रेक्झिनच बरं, कारण तिथं रोज पुसावं लागतं. घरातल्या सोफ्याला गडद, दाट विणीचं कापड आणि चेन लावलेली, काढून धुता येणारी खोळ. कुशनवाले ती शिवून देतात. शिवायच्या आधी कापड एकदा पाण्यातून काढून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि चेन लागत नाही.